कोकणातला समुद्रकडा म्हणजे उघडी पडलेली विहीर: परभणीकरांनी हरिहरेश्वर ते वेळास पायी फिरताना काय पाहावं?

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं म्हणताना परभणीकराची मान ताठ असते. फक्त जर्मनीला समुद्र आहे आणि परभणीला नाही, एवढा फरक तेवढा सोडून द्यायचा.

परभणी शहरापासून हरिहरेश्वरचा किनारा नकाशावर सरळ रेष ओढून मोजला तरी साधारण ४२० किलोमीटर लांब आहे. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जणांची समुद्राशी ओळख होते ती शाळेच्या सहलीत, लग्नानंतरच्या कोकण ट्रिपमध्ये, नाहीतर थेट इन्स्टाग्रामवर. आणि रीलमध्ये काय दिसतं? वाळू, लाट, सूर्यास्त, शहाळं. संपलं.

पण कोकणचा किनारा म्हणजे नुसती वाळू नाही. वाळूच्या किनाऱ्याला तिथे पुळण म्हणतात. एक पुळण संपते आणि दुसरी सुरू होते, त्या मधल्या जागेत काळे कडे असतात, कातळाची सपाट फरशी असते, गुहा आणि खाड्या असतात. हा भाग गाडीच्या काचेतून दिसत नाही. तो पायीच फिरावा लागतो.

आणि इथे मराठवाड्यातल्या माणसाला एक फायदा आहे. हा खडक त्याच्या ओळखीचा आहे. ज्या खडकापासून परभणीची काळी माती झाली, तोच खडक हरिहरेश्वरला समुद्रात पाय सोडून बसलाय.

फायदा आहे तसा तोटाही आहे. खडक ओळखीचा असला, तरी पाणी ओळखीचं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्यातल्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. समुद्र कधी चढतो, कधी उतरतो हे माहीत नसणं किती महागात पडू शकतं, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी बघूया. या किनाऱ्यावर काय पाहायचं, आणि ते पाहून सुखरूप घरी कसं यायचं.

परभणीची माती आणि कोकणचा कातळ, संबंध काय?

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या जागी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा बाहेर आला. आपण चित्रात बघतो तसा एखादा शंकूसारखा ज्वालामुखी इथे नव्हता. लाव्हा पातळ होता, तो दूरवर पसरत गेला, थंड झाला. मग त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. असे थरावर थर साचत गेले.

त्यातून तयार झालेल्या प्रदेशाला दख्खनचं पठार म्हणतात आणि खडकाला बेसॉल्ट. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भागावर हा खडक पसरलेला आहे. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दीड किलोमीटरहून जास्त भरते आणि पूर्वेकडे यावं तशी ती कमी होत जाते. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या मुखाच्या अलीकडे, याच लाव्हाचे थर सापडतात. ते पश्चिमेकडून शेकडो किलोमीटर वाहत तिथे पोहोचले, असं संशोधक मानतात.

इंग्रजीत या थरांना 'डेक्कन ट्रॅप्स' म्हणतात. त्यातला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आलाय. जिंतूरकडचे डोंगर आठवा. वरून सपाट, बाजूनं पायऱ्या पायऱ्यांसारखे. ती प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एक थर.

मग हा खडक पश्चिमेला समुद्रापाशी अचानक का संपतो? कारण त्याचा पुढचा तुकडा निघून गेला. लाव्हाचा हा काळ संपता संपता भारतापासून एक भूभाग तुटून वेगळा झाला आणि मध्ये समुद्र पसरला. त्या भूभागाचे अवशेष आज हिंदी महासागरात सेशेल्स बेटांच्या रूपानं उरलेत. म्हणजे कोकणच्या कड्यावर उभं राहून पश्चिमेला बघताना आपण एका मोठ्या तुटलेल्या कडेवर उभे असतो.

खडक एकच, मग तिकडे लाल आणि इकडे काळी माती कशी?

उत्तर आहे पाऊस.

मराठवाड्यात पाऊस बेताचा. बेसॉल्ट झिजतो, पण त्यातले क्षार पूर्णपणे वाहून जात नाहीत. त्यातून तयार होणारी चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात आपल्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. मातीत पांढऱ्या चुनखडीचे खडे दिसतात, कारण चुना धुऊन न्यायला पुरेसं पाणीच नसतं.

कोकणात पाऊस आपल्या कितीतरी पट. शिवाय दमट हवा आणि वर्षभर ऊब. तिथे लाखो वर्षांच्या पावसानं खडकातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका सगळं धुऊन नेलं. मागे राहिलं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंड गंजतं तसा हा खडक तांबडा झाला. हाच जांभा. जमिनीतून काढताना तो मऊ असतो आणि उघड्यावर आला की टणक होतो. म्हणून त्याचे चिरे काढून घरं बांधतात.

रत्नागिरी, सिंधुदुर्गात या जांभ्याची मोठमोठी उघडी पठारं आहेत. त्यांना 'सडा' म्हणतात. लांबून ओसाड माळरान वाटतं, पण याच सड्यांवर माणसानं खूप पूर्वी कोरलेली कातळशिल्पं आहेत. त्यात हत्ती आहे, गेंडा आहे, समुद्रातले मासेही आहेत. २०२२ मध्ये यातल्या काही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आल्या.

थोडक्यात, आजोबा एकच. एक नातू कोरडवाहू मराठवाड्यात वाढला, दुसरा कोकणच्या धो धो पावसात.

कडा वाचायचा कसा? विहीर आठवा

तुमच्या गावात विहीर खोदताना तुम्ही काठावर उभे राहिला असाल, तर निम्मा भूगर्भशास्त्राचा वर्ग तुम्ही आधीच केलाय.

वर काळी माती. त्याखाली मुरूम. मग लागतो कठीण काळा पाषाण, ज्याला सुरुंग लावावा लागतो. कुठे भोकाभोकांचा, पांढरे ठिपके असलेला खडक लागतो, त्याला विहीर खोदणारे 'मांजऱ्या' म्हणतात. आणि मध्येच एखादा तांबडा, गेरूसारखा पट्टा निघतो.

समुद्राकाठचा कडा म्हणजे हीच विहीर, फक्त आडवी कापून उघडी ठेवलेली. लाटांनी खोदकाम केलंय आणि बघायला आत उतरावं लागत नाही.

काळा, घट्ट भाग हा लाव्हाच्या थराचा मधला भाग. तो सावकाश थंड झाला म्हणून भरीव राहिला. आजीच्या पाटा-वरवंट्याचा दगड हाच.

भोकं असलेला भाग म्हणजे थराचा वरचा भाग. लाव्हातले वायूचे बुडबुडे वर आले, तिथेच अडकले. नंतर त्या पोकळ्यांत पाण्यातून आलेली पांढरी, हिरवट खनिजं बसली. आपल्याकडे रानात नांगरताना चमकदार गारगोट्या सापडतात, त्यातल्या बऱ्याच अशाच पोकळ्यांतून सुटून आलेल्या असतात.

तांबडा पट्टा सगळ्यात बोलका. दोन लाव्हाथरांच्या मध्ये तो दिसला, तर समजायचं की मधल्या काळात उद्रेक थांबला होता. खालच्या थराचा पृष्ठभाग झिजून माती व्हायला वेळ मिळाला आणि मग त्यावर नवा तप्त लाव्हा आला.

रायगडच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट दिसते. कातळाच्या फरशीतून सरळ रेषेत एखादी भिंत गेल्यासारखी वाटते. ती कुणी बांधलेली नसते. जुन्या खडकाला पडलेल्या भेगेत खालून लाव्हा शिरला आणि तिथेच गोठला, तर अशी भिंत तयार होते. भूगर्भशास्त्रात तिला डाईक म्हणतात.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: लाटा नेमकं काय करतात?

श्रीवर्धन तालुक्यातलं हरिहरेश्वर 'दक्षिण काशी' म्हणून ओळखलं जातं. देवदर्शन झालं की मागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे. वाट आधी चढते, मग दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी थेट समुद्राच्या कातळावर उतरते. भाविकांसाठी ही प्रदक्षिणा आहे. पण लाटा खडकाचं काय करतात, हे एका फेरीत बघायचं असेल तर यासारखी जागा नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पायाखालची सपाट फरशी. लाट कड्यावर वरपासून खालपर्यंत सारखी आपटत नाही, तिचा मारा पायथ्याशी असतो. तिथे खाच पडते, खाच खोल होते, वरचा खडक अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो. समुद्र तो राडारोडा हळूहळू उचलून नेतो आणि पुन्हा पायथ्याशी लागतो. कडा असा एकेक पाऊल मागे सरकतो आणि पुढे उरते ती सपाट फरशी. तिला तरंगघर्षित मंच म्हणतात. शाळेच्या भूगोलात हा शब्द पाठ केला असेल, इथे त्यावर उभं राहता येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे खडकावरची मधाच्या पोळ्यासारखी नक्षी. खारं पाणी खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतं, ऊन लागलं की वाळतं, आतल्या मिठाचे स्फटिक मोठे होतात आणि खडकाचे कण सुटे करतात. हेच हजारो वेळा झालं की जाळी तयार होते. छिन्नीचं काम मिठानं केलेलं असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे गोल खळगे. नगर जिल्ह्यातल्या निघोजचे रांजणखळगे पाहिले असतील, तर तत्त्व तेच. खोलगट जागेत दगडगोटे अडकतात, पाणी त्यांना गरगर फिरवतं आणि खळगा रुंद होत जातो. निघोजला हे कुकडी नदी करते, इथे लाटा करतात.

ओहोटी लागली की कातळावर कोण राहतं?

भरतीला पाण्याखाली आणि ओहोटीला उन्हात, अशा जागी राहणं सोपं नाही. दिवसातून दोनदा बुडायचं, दोनदा भाजायचं, वरून लाटांचा मार. तरी इथे गर्दी आहे, आणि गंमत म्हणजे ती मजल्यांनी राहते.

सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे फक्त तुषार पोहोचतात, तिथे लहान लहान शंख खडकाला चिकटून बसलेले दिसतात. ओहोटीला ते आतलं पाणी जपत दार बंद करून घेतात.

त्याखाली पांढऱ्या, टोकदार, छोट्या ज्वालामुखीसारख्या दिसणाऱ्या बार्नकल्सचा थर. शिंपल्यासारखे दिसले तरी नात्यानं ते खेकडे-कोळंबीच्या जवळचे. एकदा खडकाला चिकटले की आयुष्यभर तिथेच. पाणी आलं की झाकण उघडून पायांनी अन्नाचे कण ओढून घेतात.

मधल्या मजल्यावर कालवं. कड इतकी धारदार की अनवाणी पाऊल पडलं तर कापलंच. ओहोटीला गावातल्या बायका कातळावर बसून कालवं फोडताना दिसतात. आपल्याला जे पिकनिकचं ठिकाण वाटतं, ते त्यांचं रान आहे. त्यांच्या कामात कॅमेरा घालण्याआधी विचारायला हवं.

सगळ्यात खाली, जिथे पाणी थोडाच वेळ हटतं, तिथे समुद्री शेवाळ, समुद्रफुलं, छोटे मासे, शंखात बिऱ्हाड करून फिरणारे खेकडे. कातळातल्या डबक्याजवळ सावली न पाडता पाच मिनिटं नुसतं बसा. सुरुवातीला काहीच दिसत नाही, मग एकेक जण बाहेर यायला लागतो.

वर आकाशात पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसू शकतो. हिवाळ्यात पाण्यावर कुरव आणि सुरय पक्ष्यांचे थवे असतात. यातले बरेच थंडीपुरते पाहुणे म्हणून आलेले असतात.

हे सगळं बघायला कोकणातच जावं लागतं असंही नाही. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर असे शोअर वॉक घेतो. त्यांचा साधा नियम आपणही पाळावा: बघा, फोटो काढा, उचलू नका. जिवंत शंख खिशात टाकणं म्हणजे कुणाचं तरी घर, घरमालकासकट उचलून नेणं. शिवाय कोन शंखासारखे काही जीव विषारीही असतात.

पाणी कधी चढणार, हे कसं ओळखायचं?

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

कोकणात २४ तासांत साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका पूर्ण भरतीपासून पुढच्या पूर्ण ओहोटीपर्यंत सुमारे सव्वासहा तास. आणि रोज ही वेळ जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे काल सकाळी १० वाजता कातळ कोरडा होता म्हणून आज १० वाजता तसाच असेल, असं नाही. चार दिवसांनी तर चित्र पूर्ण बदललेलं असतं.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. आज पंचमी असेल तर ५ गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण. मग ओहोटी सकाळी साडेनऊ-दहाच्या दरम्यान. अष्टमीला भरती सहाच्या आसपास, म्हणून ओहोटी भर दुपारी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर हे काढता येतं.

अर्थात हा अंदाज आहे. जागेनुसार वेळ पुढेमागे होते. मोबाइलवर त्या ठिकाणचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा आणि वर गावातल्या माणसाला विचारा. दोन्ही जुळलं तरच खाली उतरा.

आणखी दोन गोष्टी.

एक, अमावस्या आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, म्हणून भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला हा फरक सगळ्यात कमी, तो भांग. उधाणाच्या दिवशी कातळ सगळ्यात जास्त उघडा पडतो, पण तिथीच्या हिशेबानं ती ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी येते. संध्याकाळी खाली उतरलात तर परत येताना अंधार आणि चढतं पाणी, दोन्ही एकदम अंगावर येतात. म्हणून उधाणाला पहाट बरी, आणि तीही उजाडल्यावरच.

दोन, पाणी सारख्या वेगानं चढत नाही. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात ते जेमतेम हलतं. आपण निर्धास्त होतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र एकूण चढण्यापैकी जवळपास निम्मं पाणी चढतं. लोक अडकतात ते इथे. एखादी सखल जागा मागच्या बाजूनं आधी भरते आणि पुढे सेल्फी घेणाऱ्याला कळतच नाही की परतीची वाट गेली.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट भरतीला पाण्याखाली जाते. तिथे लाटेनं माणसं ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून साधा नियम: पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी उतरायचं आणि पाणी वळायला लागलं की परत फिरायचं. 'आणखी दहा मिनिटं' नको.

खाडी ओलांडली की वेळास

हरिहरेश्वरच्या दक्षिणेला सावित्री नदी समुद्राला मिळते. महाबळेश्वरहून निघालेली ही नदी इथे बाणकोटची खाडी होते. २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि किनारा बराच पश्चिमेला होता. पुढे बर्फ वितळलं, पाणी वर आलं आणि नद्यांची मुखं बुडाली. कोकणातल्या खाड्या म्हणजे अशा बुडालेल्या नदीखोऱ्यांची तोंडं.

खाडीच्या चिखलात कांदळवन दिसतं. जमिनीतून वर आलेल्या मुळांनी श्वास घेणारी ही झाडं लाटांचा जोर मोडतात आणि माशांच्या पिल्लांना आसरा देतात. २०२० मध्ये महाराष्ट्रानं पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष जाहीर केलं. चिखलावर उड्या मारणारा मासा दिसला तर दचकू नका, तो निवटा.

बागमांडल्याहून फेरीबोटीनं पलीकडे वेसवीला उतरलं की रत्नागिरी जिल्हा. मग जांभ्या दगडातला बाणकोटचा किल्ला आणि पुढे वेळास. चालायची सवय असेल तर हरिहरेश्वर ते वेळास एका दिवसाचं काम आहे.

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. आज ते ओळखलं जातं कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री पुळणीवर येते, वाळूत खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पूर्वी ही अंडी चोरीला जायची. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं इथे संवर्धनाचं काम सुरू केलं. गावकरी त्यात उतरले, काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांना घरात ठेवून गावात चार पैसे येऊ लागले. ज्या अंड्यांवर डल्ला पडायचा, त्यांच्यावर आता गावच पहारा देतं.

साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. तापमानवाढीचा प्रश्न इथे अगदी घरट्याच्या आत पोहोचलेला आहे.

ही कासवं पुढे जातात कुठे? ते कळावं म्हणून जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवला. पश्चिम किनाऱ्यावर असा माग ठेवलेली ही पहिली ऑलिव्ह रिडले, म्हणून नाव ठेवलं 'प्रथमा'. आणि जानेवारी २०२५ मध्ये तर गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या अंगावर २०२१ मध्ये ओडिशात लावलेला टॅग सापडला. पूर्व किनाऱ्यावरचं कासव सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा वळसा घेऊन पश्चिम किनाऱ्यावर आलं होतं.

याचं परभणीला काय?

गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण सह्याद्रीची कड उंच आणि पठार पूर्वेला कललेलं, म्हणून ती पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. गंगाखेडला आपण जिच्या घाटावर उतरतो ती हीच. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला.

गोदावरीच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावरही ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. वाटेत धरणं आहेत, बंधारे आहेत, सगळंच तिथवर पोहोचत नाही. पण मोठ्या पुरात नदी जे उचलते, ते खालीच जातं. घाटावर सोडलेली प्लास्टिकची पिशवी त्याला अपवाद नाही.

म्हणजे परभणीला समुद्र नाही, हे अर्धंच खरं. आपली माती समुद्रकाठच्या खडकाची सख्खी नातलग आहे आणि आपली नदी कासवांच्या दारात जाऊन थांबते.

जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा

- कधी जायचं? कातळावर फिरायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले. कासवाची पिल्लं साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. पावसाळ्यात कातळावर उतरूच नका. जून-जुलैमध्ये मासेमारीच बंद असते, यातच सगळं आलं.
- कसं जायचं? परभणीहून नांदेड-पनवेल गाडीनं पनवेल, तिथून कोकण रेल्वेनं माणगाव, पुढे एसटीनं श्रीवर्धन-हरिहरेश्वर.
- पायात काय? पकड असलेले, मागून बांधता येणारे सँडल किंवा बूट. साध्या चपला शेवाळावर घसरतात, अनवाणी पाय कालवांवर कापतात.
- समुद्राला पाठ करू नका. बराच वेळ लहान लाटा आल्या म्हणून पुढची लहानच असेल असं नाही. कातळावर ओलं जिथपर्यंत दिसतं, तिथपर्यंत लाट पोहोचते.
- पुळणीवर पोहताना सगळीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा शांत दिसतोय, तर तो सुरक्षित समजू नका. तिथून पाणी आत ओढत असू शकतं. अडकलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या आणि हात वर करून मदत मागा.
- गाडी वाळूत घालू नका. गाडी रुततेच, शिवाय चाकाखाली अंडी असू शकतात.
- पिल्लांवर फ्लॅश नको, हातात घेऊन सेल्फी नको. ऑलिव्ह रिडलेला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. दोरीच्या अलीकडे थांबा, कार्यकर्ते सांगतील ते ऐका.
- एकटे जाऊ नका, आणि कुठे, किती वाजेपर्यंत हे मुक्कामाच्या घरी सांगून निघा. त्या गावातली माणसं आपल्यापेक्षा समुद्र जास्त ओळखतात.